वारा पडला की बंदूक खाली

मे महिना लागला की जेम्स बेच्या पूर्व किनाऱ्यावर क्री लोकांच्या शाळांना सुट्टी लागते. ही सुट्टी उन्हाळ्याची नाही, सणाचीही नाही. दक्षिणेकडून येणाऱ्या रानहंसांची आहे. कॅनडा गूज जातीचे हे हंस उत्तरेला अंडी घालायला जाता जाता या किनाऱ्यावरच्या पाणथळीत उतरतात. त्या दोन आठवड्यांत गाव ओस पडतं, कारण आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळे खाडीकाठच्या तंबूंत गेलेले असतात. वर्षभराच्या बेगमीचा मोठा वाटा इथून मिळायचा असतो.

पण शिकार रोज होत नाही. ज्या दिवशी वारा पडलेला असेल त्या दिवशी कोणी बंदूक उचलत नाही. शांत हवेत बाराचा आवाज फार लांब जातो, पलीकडच्या तळ्यांवर विसावलेले थवेही बिथरतात आणि मग ती जागाच सोडून देतात. सूर्य मावळल्यावरही बार काढायचा नाही, कारण अंधारात नळीतून निघणारी ज्वाळा हंसांना दिसते. काल ज्या तळ्यावर शिकार झाली तिथं आज जायचं नाही, ते तळं विसाव्याला सोडायचं. कुठल्या तळ्यावर कोणी बसायचं, कधी निघायचं, कधी परतायचं, हे सगळं एक अनुभवी माणूस ठरवतो. त्याला ‘उचिमाव’ म्हणतात. आपल्याकडचा कारभारी म्हणावा असा. त्याच्या हाती दंड नाही की पोलीस नाही. खांद्यावर बंदुका असलेले आठ-दहा जवान गडी समोर हंसांनी भरलेलं आभाळ बघत चहा पीत बसतात, ते केवळ तो ‘आज नाही’ म्हणाला म्हणून.

क्री लोकांच्या पारंपरिक जगण्याबद्दल वाचायला लागलो तेव्हा मला तंबू, बर्फावरचे जाळीदार जोडे, अस्वलाची कातडी असल्या गोष्टींचं आकर्षण होतं. ते ओसरल्यावर लक्षात राहिला तो हा ‘आज नाही’. गेल्या शंभर वर्षांतला त्यांचा सगळा झगडा, कोर्टकचेऱ्यांसकट, या एका अधिकाराभोवती फिरतो, असं मला वाटतं.

क्री म्हणजे कॅनडातल्या सर्वांत मोठ्या आदिवासी समूहांपैकी एक. अल्बर्टातल्या रॉकी पर्वताच्या पायथ्यापासून ते क्यूबेकपर्यंत ते पसरलेले आहेत. पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांवरचे क्री घोड्यावर बसून गव्यांच्या मागे फिरत होते. त्यांची कथा वेगळी आणि शोकांतही. हा लेख पूर्वेकडच्यांचा आहे, जेम्स बे आणि हडसन बेच्या पूर्वेला राहणाऱ्यांचा. त्यांच्या भूमीला ते इयू इस्ची म्हणतात. क्षेत्रफळ अंदाजे चार लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून मोठं. माणसं वीस हजारांच्या आसपास. किनाऱ्यावर वास्कागानिश, ईस्टमेन, वेमिंजी, चिसासिबी, व्हापमागूस्तुई. आत जंगलात नेमास्का, मिस्टिसिनी, ऊजे-बुगुमू, वास्वानिपी. बाकी सगळं स्प्रूसचं जंगल, दलदल, नद्या आणि मोजता न येणारी तळी.

इतक्या कमी माणसांची इतकी जमीन पाहिली की बाहेरच्याला ती मोकळी वाटते. ती मोकळी नाही. तिचे साधारण तीनशे वाटे आहेत आणि प्रत्येक वाट्याला एक कुटुंब आणि एक कारभारी आहे.

ती अस्पर्शही नाही. हिमयुगात या प्रदेशावर बर्फाचा प्रचंड थर होता. तो वितळल्यावर दबलेली जमीन वर येऊ लागली आणि अजूनही येते आहे. जेम्स बेच्या किनाऱ्यावर शतकाला सुमारे एक मीटर या वेगाने. किनारा इतका सपाट आहे की एका माणसाच्या आयुष्यात खाडीची दलदल होते, दलदलीचं कुरण होतं आणि कुरणात झुडपं माजतात. हंसांना हवं असतं उथळ पाणी आणि कोवळं गवत. ते सरकलं की हंसही सरकतात. वेमिंजीच्या शिकाऱ्यांनी यावर पिढ्यान्पिढ्या उपाय केलेला दिसतो. चिखल, दगड आणि ओंडके रचून ते बांध घालतात आणि पाणी अडवून धरतात. दोन पाणथळींच्या मधल्या जंगलात झाडं तोडून लांब पट्टे मोकळे करतात, म्हणजे थवे त्या वाटेने खालून उडतात आणि टप्प्यात येतात. ज्या किनाऱ्याला पर्यटक ‘निसर्गाच्या मूळ रूपातला’ म्हणतात त्यातला बराच भाग हा असा राखलेला, बांधबंदिस्ती केलेला आहे.

हंस मिळाला की पिसं काढणं, जाळावर धरून लव जाळणं हे काम बायकांच्या हाती. तंबूच्या मधोमध शेकोटी, वरच्या आडव्या दांडीला दोरी, दोरीला हंस टांगलेला. अधूनमधून कोणी त्याला बोटाने गिरकी देतं. तो दोरीला पीळ पडेपर्यंत एका बाजूला फिरतो, मग उलटा फिरतो आणि तासन्‌तास सगळीकडून सारखा भाजला जातो. खाली ठेवलेल्या भांड्यात चरबी गळते. ती चरबी जाड भाकरीबरोबर, बॅनकबरोबर खातात.

आत जंगलात राहणाऱ्यांचं वर्ष मात्र हिवाळ्यावर बांधलेलं. मिस्टिसिनीच्या तीन कुटुंबांचा असा एक हिवाळा पडद्यावर बघायला मिळतो. बॉयस रिचर्डसन आणि टोनी इआन्झेलो यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी केलेला ‘क्री हंटर्स ऑफ मिस्टासिनी’ हा माहितीपट १९७४चा. सॅम ब्लॅकस्मिथ हा त्यातला म्होरक्या, जमीन त्याच्या कुटुंबाची. बाकी दोन कुटुंबांना त्याने त्या वर्षी आपल्याकडे बोलावलेलं आहे. हे बोलावणंही व्यवस्थेचाच भाग. ज्याची जमीन विसाव्याला टाकली आहे तो दुसऱ्याच्या जमिनीवर पाहुणा म्हणून हिवाळा काढतो आणि पुढे कधीतरी परतफेड होते.

पाणी गोठायच्या आत सगळे जंगलात पोहोचतात. पूर्वी होड्यांतून, धबधबा आला की होडी आणि सामान डोक्याखांद्यावर वाहत; पुढे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानांतून. गेल्या गेल्या घर बांधायचं. ओंडक्यांच्या भिंती, फटींत दाबलेलं शेवाळ आणि आत जमिनीवर फर नावाच्या झाडाच्या डहाळ्यांचं अंथरूण, टोकं खाली खुपसून एकावर एक लावलेलं. डहाळ्या वाळल्या की नव्या आणायच्या. ते काम मुलींचं. घराला आतून राळेचा ताजा वास येतो आणि थंडी जमिनीतून वर येत नाही. तीन कुटुंबं एका छपराखाली, प्रत्येकाचा कोपरा ठरलेला, मधे भिंत नाही. इतक्या जवळ पाच महिने राहायचं म्हणजे भांडण परवडत नाही. चित्रपटात कोणी आवाज चढवताना दिसत नाही. कॅमेऱ्यासमोर कोण चढवेल म्हणा, पण मानववंशशास्त्रज्ञांनीही या संयमाची नोंद केली आहे.

पुरुष मूसच्या मागावर जातात. मूस म्हणजे घोड्याएवढं, किंबहुना मोठं हरिण. एक मारलं की शेकडो किलो मांस. पण त्याचं नाक तिखट. त्यामुळे इथंही सगळा विचार वाऱ्याचा. माग सापडला तरी वारा पाठीमागचा असेल तर शिकारी परत फिरतो. हिवाळा सरत आला आणि बर्फ खोल झालं की मूसला पळता येत नाही, जाळीच्या जोड्यांवरचा माणूस मात्र वर तरंगत जातो. ते जोडे म्हणजे कारागिरीची कमाल आहे. लाकडाची चौकट पुरुष वाकवतात, आतली कातडी दोरीची वीण बायका घालतात, आणि ही वीण सैल पडली तर माणूस जंगलात अडकून मरू शकतो. मूस रोज मिळत नाही. रोजचं पोट भरतं ते सशांच्या फासांवर आणि बर्फाखाली लावलेल्या जाळ्यांवर, आणि ती जाळी आणि फासे बहुतेक बायकांचे. शिकारीच्या गोष्टी पुरुष सांगतात म्हणून हे मागे पडतं. सशांच्या कातड्यांच्या पट्ट्या कापून विणलेली पांघरुणं तर मध्यंतरीपर्यंत घरोघरी होती. एका पांघरुणाला शंभरेक ससे लागत. तान्ह्या मुलांच्या लंगोटात वाळवलेलं शेवाळ घालायचं, तेही बायकांनीच उन्हाळ्यात गोळा करून ठेवलेलं.

मूल चालायला लागलं की त्याचा एक सोहळा होतो. तोवर त्याने तंबूबाहेर स्वतःच्या पायांनी पाऊल टाकायचं नसतं. पहाटे त्याला नवे कपडे घालतात, मुलाच्या हाती लाकडी बंदूक, मुलीच्या हाती छोटी कुऱ्हाड देतात. डहाळ्यांच्या वाटेवरून ते उगवतीकडे चालत जातं, एका झाडाला वळसा घालून परत येतं आणि आणलेली ‘शिकार’ किंवा ‘सरपण’ आजी-आजोबांच्या हाती देतं. पहिलं पाऊल जमिनीवर, पहिली कमाई थोरांना. हा सोहळा आजही गावोगाव होतो.

बीव्हरचा मामला वेगळा आहे. पाण्याकाठचा हा प्राणी अन्नही आहे आणि पैसाही. त्याच्या मऊ लवेपासून युरोपातल्या साहेबांच्या टोप्या बनत, आणि त्या टोप्यांपायी १६६८ साली ‘नॉनसच’ नावाचं जहाज आज जिथं वास्कागानिश आहे तिथं येऊन थांबलं. दोन वर्षांनी, १६७० मध्ये, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने हडसन बे कंपनीला सनद दिली. आपण ईस्ट इंडिया कंपनी पाहिली आहे, तेव्हा पुढचं फार सांगायला नको. फरक एवढाच की या कंपनीला जमीन कसायची नव्हती, लोकांना हुसकायचंही नव्हतं; तिला कातडी हवी होती आणि कातडी आणायला जंगलातले क्रीच हवे होते. शरद ऋतूत बंदुकीची दारू, पीठ, चहा उधारीवर द्यायचा आणि वसंतात कातड्यांनी फेडून घ्यायचा. या उधारीत क्री अडकले हे खरं. पण जंगलात राहून शिकार करायचं जीवन त्यामुळे मोडलं नाही, उलट दोन-अडीचशे वर्षं टिकलं, हेही खरं.

क्रींचा समज असा की प्राणी स्वतःहून शिकाऱ्याला देह देतो. कौशल्याने मिळवला असं म्हणायची पद्धत नाही. मिळालं तर घ्यायचं, फुशारकी मारायची नाही, काही वाया घालवायचं नाही, वाटून खायचं. बीव्हरची हाडं कुत्र्यांच्या तोंडी जाऊ द्यायची नाहीत, ती पाण्यात सोडायची किंवा उंच माचणावर ठेवायची. अस्वलाची कवटी स्वच्छ करून, रंगवून झाडावर बांधायची. हे केलं नाही तर प्राणी पुन्हा येत नाही. एड्रियन टॅनरने मिस्टिसिनीच्या शिकाऱ्यांत राहून या सगळ्यावर एक पुस्तक लिहिलं, ‘ब्रिंगिंग होम अ‍ॅनिमल्स’, १९७९चं. त्यात एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. या विधींना शिकारी जंगलातल्या व्यवहाराइतकंच व्यवहाराचं मानतात; सापळा कसा लावायचा आणि हाडांचं काय करायचं, दोन्ही एकाच कामाचे भाग.

यावरून क्री लोक जन्मजात पर्यावरणवादी असा निष्कर्ष काढायची घाई होते. ती करू नये. कंपन्यांच्या स्पर्धेच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बीव्हर पार संपत आला होता आणि तो मारणाऱ्यांत क्रीही होतेच. विसाव्या शतकात तेच पुन्हा झालं. दक्षिणेला रेल्वे आली, कातड्यांचे भाव चढले, बाहेरचे गोरे शिकारी विषारी आमिषं घेऊन घुसले. मी राखलेला बीव्हर उद्या परका मारणार असेल तर मी तरी कशाला राखू, हा हिशेब क्री माणसालाही कळतो. ‘आज नाही’ म्हणायला अर्थ तेव्हाच असतो जेव्हा ते ऐकणं सगळ्यांना भाग असतं. १९२०च्या दशकाच्या शेवटी बीव्हर नाही, कॅरिबू हरणं नाहीत, सशांचेही दुष्काळी हिवाळे, आणि जंगलात कुटुंबं उपाशी मरू लागली.

रूपर्ट हाऊसला, म्हणजे आजच्या वास्कागानिशला, कंपनीचा कारभार बघणारा जेम्स वॅट आणि त्याची बायको मॉड यांनी तेव्हा एक काम केलं. मॉड वॅट क्यूबेक सरकारकडे गेली आणि १९३२ साली बीव्हरसाठी राखीव प्रदेश मंजूर करून आणला. बाहेरच्यांना बंदी, आणि काही वर्षं क्रींनीही बीव्हर मारायचा नाही. प्रत्येक कुटुंबाच्या प्रदेशातल्या म्होरक्याने आपल्या नद्या-ओढ्यांवरची बीव्हरची घरं मोजून नोंद करायची. या मोजणीवरून त्याला इंग्रजीत ‘टॅलीमन’ नाव पडलं ते आजवर टिकलं. जवळपास दशकभराने शिकार पुन्हा सुरू झाली तेव्हा बीव्हर भरपूर होते, आणि हीच पद्धत पुढे इतर प्रदेशांत गेली. कुटुंबांच्या या हद्दी फर-व्यापाराच्या आधीपासूनच्या की त्यानेच घडवलेल्या, यावर मानववंशशास्त्रज्ञ शंभर वर्षं भांडताहेत. हद्दी आहेत आणि लोक त्या पाळतात, एवढं आपल्याला पुरे. चांगला टॅलीमन आपल्या प्रदेशाचे भाग पाडतो, एका भागात एक वर्ष शिकार करतो आणि मग दोन-तीन वर्षं तो भाग सोडून देतो. वास्वानिपीत हार्वी फाइट यांनी केलेल्या अभ्यासातून दिसतं की अशा विसाव्याने बीव्हरची वीण नीट सावरते.

आता कॅरिबूची गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत जास्त बोलकी वाटते. ती फिक्रेत बेर्केस या अभ्यासकाने चिसासिबीत नोंदवली आहे. १९१०च्या दशकात शिकाऱ्यांच्या हाती एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या नव्या रायफली आल्या. कानियापिस्को नदीवर लाइमस्टोन फॉल्स नावाची जागा आहे, कॅरिबूंचे कळप तिथं नदी ओलांडतात. त्या जागी शिकाऱ्यांचं भान सुटलं. गरजेपलीकडे मारले, मारलेले तसेच सडत टाकले, नदीतून धडं वाहत गेली. त्यानंतर कॅरिबू दिसेनासे झाले. दोन पिढ्या क्रींच्या प्रदेशात त्यांचे मोठे कळप आले नाहीत. म्हातारे एवढंच म्हणत, ते परत येतील, पण तेव्हा नीट वागा.

१९८०च्या दशकात ते खरंच परत आले. १९८३-८४च्या हिवाळ्यात धरणासाठी (त्याची गोष्ट पुढे येईल) बांधलेल्या रस्त्याच्या कडेला कॅरिबूच कॅरिबू. तरुणांनी कधी न पाहिलेलं दृश्य. ट्रक घेऊन पोरं गेली, आणि सत्तर वर्षांपूर्वीचंच पुन्हा झालं. अंदाधुंद गोळीबार, जखमी जनावरं तशीच पळून गेलेली, टाकून दिलेलं मांस. पुढच्या हिवाळ्यात रस्त्यावर कॅरिबू जवळजवळ नव्हते. त्यात सप्टेंबर १९८४ मध्ये कानियापिस्कोच्या पुरात सुमारे दहा हजार कॅरिबू बुडून मेले, त्याच लाइमस्टोन फॉल्सपाशी. गावाची सभा बसली. दोन नावाजलेल्या वयोवृद्ध शिकाऱ्यांनी उठून जुनी गोष्ट सांगितली, त्यांनी लहानपणी ऐकलेली. कोणाला दोष दिला नाही, दंड सुचवला नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यात कॅरिबू आले तेव्हा शिकार शिस्तीत झाली, घरटी साधारण दोन जनावरं मिळाली. वन्यजीव खात्याच्या नियमावलीने जे साधलं नसतं ते एका सभेने आणि एका गोष्टीने साधलं, असं बेर्केस मानतात. मला यात आणखी एक दिसतं. ही माणसंही चुकतात, दर दोन पिढ्यांनी विसरतात. आठवण करून देणारं कोणी उरलेलं असावं लागतं.

ही आठवण तोडायचं काम निवासी शाळांनी केलं. चर्च आणि सरकार यांच्या या शाळा फोर्ट जॉर्जला होत्या, मूस फॅक्टरीला होत्या, पुढे दूर दक्षिणेला ला टूकला. मुलांना न्यायचे ते नेमके शरद ऋतूत, कुटुंबं जंगलात निघायच्या वेळी. आठ-दहा हिवाळे असे गेले की मुलाला माग काढता येत नाही, बर्फ कोणतं धरेल आणि कोणतं फुटेल कळत नाही, आणि आजीशी बोलायची भाषाही अडखळते. मारहाण आणि त्याहून वाईट गोष्टी तिथं झाल्या, हे कॅनडाच्या सत्यशोधन आयोगाने २०१५च्या अहवालात नोंदवलंच आहे. लिहिणं मात्र क्रींना शाळेने शिकवलेलं नव्हतं. त्यांची अक्षरलिपी १८४०पासूनची, मॅनिटोबातल्या नॉर्वे हाऊसला जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने छापलेली. क्री परंपरा मात्र सांगते की ती कॉलिंग बॅजर नावाच्या क्री माणसाला परलोकातून मिळाली. अभ्यासकांच्या मते इव्हान्सच्या रचनेवर लघुलिपीबरोबर आपल्या देवनागरीचीही छाया आहे. व्यंजनाला एक आकृती आणि स्वर बदलला की तीच आकृती फिरवायची. हातोहात ती इतकी पसरली की शिकारी एकमेकांसाठी वाटेत झाडांच्या सालीवर निरोप लिहून ठेवू लागले.

३० एप्रिल १९७१. क्यूबेकचे मुख्यमंत्री रोबेर बुरासा यांनी एका भव्य सभेत जाहीर केलं की जेम्स बेला मिळणाऱ्या नद्या अडवून वीज काढायची. त्या नद्यांच्या काठी राहणाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं, कळवलंही नव्हतं. क्रींना हे रेडिओवरून आणि वर्तमानपत्रांतून कळलं. फिलिप अवाशिश या तरुणाने बातमी वाचली आणि त्याच उन्हाळ्यात मिस्टिसिनीत सगळ्या गावांच्या म्होरक्यांची बैठक भरली. अशी बैठक पहिल्यांदाच होत होती. तोवर ‘आपण सगळे जेम्स बेचे क्री’ असं म्हणायची गरजच पडलेली नव्हती.

क्री कोर्टात गेले. खटला माँट्रियलला न्यायमूर्ती अल्बेर मालूफ यांच्यापुढे चालला. दीडशेहून जास्त साक्षीदार झाले. सरकारी बाजूचं म्हणणं असं की हे लोक आता दुकानातलं पीठ खातात, मोटारस्लेज वापरतात, यांची शिकार म्हणजे हौस. मग जंगलातून आलेले शिकारी साक्षीला उभे राहिले, दुभाष्यामार्फत. कुठल्या तळ्यात कुठला मासा, कुठल्या ओढ्यावर बीव्हरची किती घरं, गेल्या वसंतात किती हंस आले, हे ते तोंडपाठ सांगत होते. असं सांगतात की एका म्हाताऱ्याला खरं सांगायची शपथ घ्यायला लावली तेव्हा तो म्हणाला, संपूर्ण सत्य मला माहीत नाही, मला ठाऊक आहे तेवढं सांगतो. १५ नोव्हेंबर १९७३ रोजी मालूफ यांनी काम थांबवायचा हुकूम दिला. आठवड्याभरात वरच्या कोर्टाने तो स्थगित केला आणि यंत्रं पुन्हा सुरू झाली. पण तो आठवडा पुरला. सरकारला बोलणी करणं भाग पडलं.

बोलणी करणारा मुख्य माणूस होता बिली डायमंड, वास्कागानिशचा, वयाची तिशीही न गाठलेला. इंग्रजी आणि गोऱ्यांची रीत तो मूस फॅक्टरीच्या निवासी शाळेत शिकला होता. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी जेम्स बे आणि उत्तर क्यूबेकचा करार झाला. क्री आणि इन्युइट यांना मिळून साडेबावीस कोटी डॉलर, काही जमिनींवर पूर्ण हक्क, फार मोठ्या प्रदेशात शिकारीचा खास हक्क, स्वतःचं शाळामंडळ, स्वतःचं आरोग्यमंडळ. बदल्यात ला ग्रांद नदीवरची धरणं मान्य.

या करारातलं एक कलम मला सर्वांत कल्पक वाटतं, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. जो शिकारी वर्षातले किमान चार महिने शिकार आणि तिच्या कामांत घालवेल, त्यातले बरेच दिवस गावाबाहेर जंगलात राहील, त्याला आणि त्याच्या बायकोला प्रत्येक दिवसाचा पैसा मिळतो. कातड्यांचा भाव पडला तरी मिळतो. १९७६पासून ही योजना चालू आहे. आळशी होतील, असं म्हणणारे तेव्हाही होते. झालं उलट. जंगलात हिवाळा काढणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढली. पेट्रोल, मोटारस्लेज, काडतुसं, विमानभाडं, सगळ्याला रोख पैसा लागतो, आणि तो मिळवायला गावात नोकरी करावी तर जंगलात जायला वेळ नाही, हा पेच या योजनेने सोडवला. जे लोक ‘पारंपरिक’ आणि ‘आधुनिक’ अशा दोन पेट्या करून विचार करतात त्यांनी हा पगारी शिकारी कुठल्या पेटीत ठेवायचा ते ठरवावं.

किंमत मात्र मोजावी लागली. ला ग्रांदवरचं मुख्य वीजकेंद्र १९७९ला सुरू झालं. पहिल्या टप्प्यातच सुमारे दहा हजार चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली, आणि त्याबरोबर कित्येक कुटुंबांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या जागा, थडगी, नावं असलेले धबधबे. नदीचा प्रवाह वाढून फोर्ट जॉर्ज बेट खचेल या भीतीने अख्खं गाव १९८०-८१ साली उचलून किनाऱ्यावर आणलं. ते आजचं चिसासिबी. उन्हाळ्यात लोक होड्यांनी बेटावर परत जातात आणि जुन्या जागी तंबू ठोकून जत्रेसारखे राहतात. बुडालेल्या जंगलाच्या कुजण्यातून पारा पाण्यात उतरला, पाण्यातून माशांत, माशांतून माणसांत. १९८४च्या तपासणीत चिसासिबीतल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या अंगात पाऱ्याचं प्रमाण सुरक्षित मानलेल्या मर्यादेबाहेर होतं. डॉक्टरांनी सांगितलं, मोठे मासे खाऊ नका. म्हातारी माणसं ज्या अन्नाला औषध समजत होती तेच अन्न टाळायला सांगायची पाळी आली. मासा गेला, त्या जागी दुकानातलं डबाबंद आणि गोड आलं, आणि आता मधुमेह घरोघर आहे.

पुढचा सामना ग्रेट व्हेल नदीवरच्या वीजप्रकल्पाचा. तेव्हा क्री तयार होते. व्हापमागूस्तुईच्या क्री आणि शेजारच्या इन्युइट लोकांनी मिळून एक नाव बांधली, अर्धी क्रींच्या होडीसारखी, अर्धी इन्युइट कयाकसारखी, नाव ओडेयाक. ती १९९०च्या वसुंधरा दिनाला थेट न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला नेली, कारण वीज न्यूयॉर्क विकत घेणार होतं. मॅथ्यू कून कम तेव्हा क्रींचे मुख्य नेते होते. १९९२ला न्यूयॉर्कने करार रद्द केला, १९९४ला क्यूबेकने प्रकल्प गुंडाळला. नदी आजही वाहते.

रूपर्ट नदी मात्र वाचली नाही, आणि ती क्रींच्या सहीने गेली. फेब्रुवारी २००२ मध्ये क्रींचे मुख्य नेते टेड मोझेस आणि क्यूबेकचे मुख्यमंत्री बर्नार लँड्री यांनी पन्नास वर्षांच्या नव्या करारावर सह्या केल्या. क्रींना दरवर्षी निधी आणि जंगलतोडीवर नियंत्रण, क्यूबेकला रूपर्टचं पाणी. गावागावांत मतं फाटली. २००९ला नदीचं बहुतेक पाणी वळवलं गेलं. या व्यवहारावर टीका करणं सोपं आहे, पण त्यातली एक तरतूद पाहावी. लाकूडकंपनीने किती आणि कुठं तोडायचं हे ठरवताना हिशेबाचं एकक आता कुटुंबाची शिकारभूमी हे आहे, आणि कुठला चौथा भाग जनावरांसाठी जास्त जपायचा हे टॅलीमन सांगतो. १९३०च्या दशकात बीव्हरची घरं मोजणाऱ्याच्या हाती आज सरकारी जंगलाच्या नकाशावरची पेन्सिल आली आहे. ती किती जोरात दाबता येते हे टॅलीमनगणिक बदलतं, हेही तितकंच खरं. नेमास्काजवळ लिथियम आहे, विजेच्या मोटारींना आता ते हवं आहे, आणि तो नकाशा पुन्हा टेबलावर आहे.

हंसांचंही पूर्वीसारखं राहिलेलं नाही. किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात ईलग्रास नावाचं गवत होतं, हंसांचं आवडतं. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून ते झपाट्याने विरळ झालं. धरणांतून हिवाळ्यात सुटणारं गोडं पाणी की तापणारा समुद्र, यावर क्रींनी स्वतःच पुढाकार घेऊन शास्त्रज्ञांबरोबर संशोधन केलं. थवे आता आतल्या बाजूने जातात. बर्फ लवकर फुटतं, मग तंबूपर्यंत मोटारस्लेजने जाता येत नाही आणि होडीनेही नाही. काही ठिकाणी हेलिकॉप्टरने जायची वेळ येते. २०२३च्या उन्हाळ्यात तर वणव्यांनी काही गावं रिकामी करायला लावली आणि जंगलातल्या कित्येक झोपड्या जळाल्या.

आणि कॅरिबू? जॉर्ज नदीचा कळप, जो १९९०च्या दशकात आठ लाखांपर्यंत गेला होता, आता काही हजारांवर आला आहे. पूर्वेकडच्या इन्नू लोकांचं सगळं जगणं त्या कळपावर होतं. त्यांच्या मुलांना कॅरिबूचं मांस चाखणंही मुश्कील झालं. पश्चिमेचा लीफ नदीचा कळप त्यामानाने मोठा उरला आहे, आणि तो हिवाळ्यात क्रींच्या प्रदेशात उतरतो. क्यूबेकने हौशी शिकाऱ्यांना तो २०१८पासून बंद केला. २०२२मध्ये क्री आणि इन्नू यांनी आपापसांत एक करार केला. इन्नू कुटुंबांनी क्रींच्या जमिनीवर येऊन त्या कळपातले जास्तीत जास्त तीनशे कॅरिबू मारावेत, क्रींच्या रीतीने, जमिनीच्या कारभाऱ्यांना मान देऊन. इन्नू कुटुंबांची संख्या पाहता तीनशे म्हणजे फार नाहीत. घरटी एकही येत नाही. तरी हा आकडा कुठल्या खात्याच्या परवान्यावर छापून आलेला नाही. ज्यांच्या दारात कळप आला होता त्यांनी, ज्यांच्या दारात येईनासा झाला त्यांच्याबरोबर बसून, तो ठरवला.